आठवा महिना, संडासच्या जागी कोंब आणि रक्त: आयर्नची गोळी बंद करू का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आठवा महिना चालू आहे, पंधरा दिवसांपासून संडासला गेलं की लाल रक्त टपकतं, धुताना शेंगदाण्याएवढा मऊ कोंब हाताला लागतो, सासूबाई म्हणतात ही सगळी त्या आयर्नच्या लाल गोळीची उष्णता आहे, बंद कर, आणि गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं की आता सिझरच करावं लागणार. शिवाय तुमच्या बहिणीची डिलिव्हरी होऊन दोन महिने झाले तरी तिला संडासला बसलं की ब्लेडने कापल्यासारखं होतं. आणि सगळ्यात शेवटी, एका ओळीत, तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही, लाज वाटते. मी सोलापुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आणि हा प्रश्न मला बायका कायम अशाच विचारतात, म्हणजे तपासणी झाली, सोनोग्राफी बघितली, उठून दारापर्यंत गेल्या आणि मग परत वळून हळूच, "म्याडम, अजून एक होतं ओ." म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी घाईचं सांगते. गोळी बंद करू नका. मूळव्याधीमुळे सिझर करावं लागत नाही. गरोदरपणात आलेले कोंब बहुतेकींचे डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत आपोआप लहान होतात. पण एवढं ऐकून घरी बसू नका, एकदा डॉक्टरांना दाखवायचंच, आणि ते का हे आता सांगते कारण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आठव्या महिन्यात "खालून रक्त जातंय" म्हटलं की आमच्या डोक्यात पहिला विचार मूळव्याधीचा येत नाही, वारेचा येतो, म्हणजे गर्भपिशवीला चिकटून नाळेवाटे बाळाला पोसणाऱ्या भागाचा. वार खाली असेल किंवा सुटत असेल तर रक्त मायांगातून येतं आणि ती धावपळीची वेळ असते, बाळाला आणि आईला दोघांनाही धोका असतो. आता पोट एवढं पुढे आलेलं असताना रक्त कुठून आलं हे बाईला स्वतःला दिसत नाही, संडासच्या भांड्यात लाल दिसलं की ती समजते मूळव्याधच असणार, आणि तिथेच घोटाळा होतो. म्हणून असं करा, संडासहून आल्यावर स्वच्छ धुऊन कोरडं करा आणि साधं पॅड लावून ठेवा. संडासला जोर केला तेव्हाच लाल थेंब पडले आणि नंतर पॅड कोरडंच राहिलं, तर बहुतेक ते मागच्या जागेचं आहे. पण संडासला न जाताही पॅडवर डाग दिसला, पोटात कळ आली, पोट कडक झालं, बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेल्यासारखं वाटलं, तर मूळव्याध-बिळव्याध काही नाही, रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखान्यात. आणि ज्यांच्या सोनोग्राफीत वार खाली आहे असं लिहिलंय त्यांनी तर पॅड बघत बसायचंच नाही, लगेच फोन करायचा.

आता हे होतं का. संडासच्या जागेच्या आत, तोंडाशी, रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, बाईला, पुरुषाला, लहान पोरांनाही, नळातल्या वॉशरसारखं त्यांचं काम म्हणजे गळती होऊ न देणं. त्या फुगल्या, खाली सरकल्या, खरचटून रक्त यायला लागलं की आपण मूळव्याध म्हणतो. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, प्रोजेस्टेरॉन नावाचा हार्मोन शिरांच्या भिंती सैल करतो आणि तोच हार्मोन आतड्यालाही सुस्त करतो, म्हणजे मल आत जास्त वेळ पडून राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो कडक होतो. त्यात वरून मोठी झालेली पिशवी ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते, खालचं रक्त वर चढायला अडखळतं. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास जास्त दिसतो. तुमच्या हातून काही चुकलं, काही खाण्यातलं वाईट खाल्लं म्हणून हे झालेलं नाही, हे मात्र मनात पक्कं करा.

उष्णतेचं सासूबाई म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, फक्त कारण गोळी नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, घामावाटे पाणी निघून जातं आणि बाई पाणी पीत नाही. का पीत नाही हे पण मला माहीत आहे. नळाला पाणी रोज येत नाही, येईल त्या दिवशी भरून ठेवायचं, पुरवून वापरायचं, मग सारखी लघवीला जायला नको म्हणून बायका घसा कोरडा पडला तरी दोन घोटांवर भागवतात. विड्या वळणाऱ्या बायका तर बघा, सूप मांडीवर घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत एका जागी मांडी घालून बसतात, संडासची भावना आली तरी "हे एवढं झालं की जाते" म्हणून दाबतात आणि एकदा दाबली की ती भावना निघून जाते, मल तिथेच आणखी कडक होतो. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसणाऱ्या, शेतात खुरपायला जाणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, ज्यांच्या कामाच्या ठिकाणी संडास धड नाही, सगळ्यांची तीच गोष्ट. (गरोदरपणात तंबाखूच्या धुरळ्यात बसणं मुळात बाळालाही चांगलं नाही, तो विषय वेगळा, पण शक्य असेल तर या महिन्यांत ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.) दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, त्यात ताक, वरणाचं पाणी, लिंबूपाणी सगळं धरा, चहा धरू नका. बाटली भरून शेजारी ठेवली की आपोआप प्यायलं जातं, उठून माठापर्यंत जायचं म्हटलं की राहून जातं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सगळा खेळ संडास मऊ ठेवण्याचा आहे. मलम, गोळी, शेक हे सगळं त्याच्या मागून येतं. मल कडक आहे तोवर जगातलं कुठलंही मलम लावा, रोज सकाळी तीच जागा परत सोलली जाणार. आणि मऊ ठेवायला फार काही विकत आणावं लागत नाही. भाकरी आपल्याकडे आहेच, फक्त पीठ चाळून कोंडा फेकू नका, गव्हाच्या पिठाचंही तेच. मंगळवेढ्याची ज्वारी घरात असताना बाई डोहाळ्यांत नुसत्या भातावर, टोस्टवर आणि बिस्किटावर दिवस काढते हे मी रोज बघते. मटकी, हरभरा, तूर, मेथी, शेपू, चाकवत, दोडका, गाजर, काकडी यातलं काहीतरी दोन्ही जेवणात पाहिजे. फळात पेरू चांगला, सांगोल्याकडचं डाळिंब चांगलं, पण दाणे चावून खा, गाळलेला रस नको कारण रस काढला की चोथा बाहेर जातो. रात्री भिजवलेल्या मनुका, अंजीर सकाळी खा, केळंही चालतं. पपईवरून घरात वाद घालत बसू नका, कच्ची तर खायचीच नाही, पिकलीची घरच्यांना भीती वाटत असेल तर पेरू खा, काम होतंय ना. एक लक्षात ठेवा, चोथ्याचं खाणं एकदम वाढवलं आणि पाणी वाढवलं नाही तर पोट फुगतं, गॅस होतो, म्हणून हळूहळू वाढवा.

शेंगा चटणी बंद करायची का हा प्रश्न सोलापुरात येणारच. तिखटाने मूळव्याध होत नाही. पण जागेला चीर पडली असेल, म्हणजे फिशर असेल, तर तिखट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी आग होते. तुम्हाला आग होत नसेल तर भाकरीबरोबर चिमूटभर चटणी खा, बहिणीने मात्र काही आठवडे जरा लांब राहिलेलं बरं.

खाण्यापिण्याने भागलं नाही तर इसबगोल. गरोदरपणात चालतं, दूध पाजतानाही चालतं, कारण ते पोटातून रक्तात जात नाही, आतड्यातच पाणी धरून फुगतं. एक-दोन चमचे रात्री मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. बऱ्याच जणी अर्ध्या वाटी पाण्यात घट्ट खीर करून खातात आणि मग म्हणतात की उलट जास्तच बांधलं, तर ते पाण्याअभावी होतं. आयर्नची गोळी आणि इसबगोल एकत्र घेऊ नका, मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा. एवढ्यानेही नाही जमलं तर लॅक्टुलोजचं पातळ औषध असतं, गोड लागतं, गरोदरपणात आम्ही नेहमी देतो, पण डोस तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ज्यांना शुगर आहे त्यांनी तर नक्की विचारा. जे करायचं नाही ते म्हणजे एरंडेल. आजीच्या काळापासून घरोघरी आहे, "पोट साफ होतं" म्हणून देतात, पण त्याने पिशवीला कळा सुरू होऊ शकतात, आठव्या महिन्यात तर अजिबात नको. सोनामुखीचं चूर्ण, "कायम बद्धकोष्ठावर रामबाण" छाप पुड्या, ज्यात काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलंच नसतं, त्याही नकोत. एनिमा स्वतःहून घेऊ नका.

आता लाल गोळी. मी यावर जरा थांबणार आहे कारण या एका गैरसमजाने माझ्या डोळ्यांसमोर बायका फिक्या पडत गेल्यात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. काही जणींना तिच्याने मल घट्ट होतो हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण देशातल्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के जणींचं रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे हा, आणि रक्त आधीच कमी असलेल्या बाईला डिलिव्हरीत थोडंही जास्त रक्त गेलं तर सोसत नाही. त्यात तुमचं रोज थोडं थोडं रक्त मूळव्याधीतून जातंय, म्हणजे तुम्हाला लोहाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे आणि घरचे तीच गोळी बंद करायला सांगतायत. गोळीची वेळ बदलून बघा, रात्री जेवणानंतर घ्या, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चालेल. तरी सोसत नसेल तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं लोह लिहून देतील, आणि हिमोग्लोबिन फारच कमी असेल, दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं, सरकारी दवाखान्यातही मिळतं. तपासणीला जाल तेव्हा हिमोग्लोबिन करून घ्याच, ११ च्या खाली असेल तर कमी, ७ च्या खाली असेल तर गंभीर. आणि हो, या गोळीने मल काळपट होतो, ते नेहमीचंच आहे, त्याला रक्त समजू नका. डांबरासारखा चिकट, घाण वासाचा काळा मल असेल, चक्कर येत असेल तर मात्र तो वेगळा प्रकार, लगेच दाखवायचं.

संडासला बसण्याची पद्धत. भावना आली की जा, नसेल तर जोर काढत बसू नका. सकाळी कोमट पाणी, नाष्टा झाला की आतडं आपोआप हलतं, त्या वेळेचा फायदा घ्या. देशी संडासवर तोल सांभाळता येत असेल, गुडघे दुखत नसतील तर चालतं, कडेला धरायला काहीतरी असू द्या. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. श्वास कोंडून, दात आवळून जोर करायचा नाही, तोंडाने हळू श्वास सोडत बसायचं. पाच मिनिटांत नाही झालं तर उठा, परत जा. मोबाईल बाहेर ठेवून जा, मी हे हात जोडून सांगते, कारण तिथे वीस मिनिटं नुसतं बसल्यानेही सगळा भार त्याच शिरांवर येतो. धुताना साबण नको, घासणं नको, पाणी आणि नंतर मऊ सुती कापडाने टिपून घेणं एवढं पुरे. दिवसातून थोडं चालणं आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपणं, त्याने पिशवीचा भार मोठ्या शिरेवरून सरकतो.

दुखत असेल, ठणकत असेल, तर कोमट पाण्यात बसणं यासारखा स्वस्त आणि बिनधोक उपाय नाही. बूड मावेल असा प्लास्टिकचा टब किंवा घमेलं घ्या, स्वच्छ घासून, पाणी हाताच्या कोपराला सोसेल इतकंच कोमट, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा आणि संडासहून आल्यावर तर नक्की. त्यात डेटॉल नको, तुरटी नको, पोटॅशियम परमँगनेटच्या त्या जांभळ्या पावडरचीही गरज नाही, साधं पाणी पुरतं. पोट मोठं आहे तेव्हा बसता-उठताना कोणीतरी जवळ असू द्या, घसरायला नको. सूज जास्त असेल तर बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, थेट कातडीवर नको. मलमांमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन असतं, ते थोडे दिवस चालतं, पण बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते आठवड्याच्या वर लावत राहिलं की कातडी पातळ होते, म्हणून मेडिकलवाल्याला "मूळव्याधीचं काहीतरी द्या" असं सांगून ट्यूब आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. शिरांच्या गोळ्या म्हणून ज्या देतात त्याही गरोदरपणात स्वतःच्या मनाने नकोत. दुखण्यावर पॅरासिटामॉल ठीक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे शेवटच्या महिन्यांत घ्यायच्या नाहीत, बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर आणि गर्भजलावर परिणाम होतो.

कोंब बाहेर आला आणि मऊ असेल तर कुशीवर झोपून, धुतलेल्या बोटाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून हळूच आत सारता येतो, जबरदस्ती नाही. पण अचानक निळसर, टणक, हात लावू देत नाही अशी गाठ आली तर आत रक्त गोठलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस फार दुखतं, बाईला बसवत नाही, मग हळूहळू कमी होत एक-दोन आठवड्यांत बसतं. दुखणं सोसत नसेल तर पहिल्या ७२ तासांतच सर्जनकडे जा, जागा बधिर करून ती गाठ काढता येते, उशीर झाला की मग शेकून, वाट बघूनच बरं करायचं. गाठ काळी पडली, ताप आला, पू आला, लघवी अडली, तर वाट बघायची नाही.

आता डिलिव्हरी. मूळव्याध आहे म्हणून नॉर्मल होत नाही असं काही नसतं. कळा देताना कोंब फुगतील, बाहेर येतील, ते बघून नातेवाईक घाबरतात, पण बाळाच्या वाटेत ते आडवे येत नाहीत. तुम्ही फक्त प्रसूतीच्या खोलीत गेल्यावर सिस्टरला सांगून ठेवा. आणि कळ नसताना, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसताना "जोर लाव, जोर लाव" म्हणून कोणी मागे लागलं तर ते चुकीचं आहे, उगाच ताकद जाते आणि खालच्या शिरांची दैना होते. बराच वेळ जोर लावावा लागला, बाळ मोठं असलं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लागला तर नंतर त्रास जास्त होऊ शकतो. आणि सिझर झालं म्हणजे सुटका असंही नाही, दुखण्याच्या औषधांनी, पडून राहण्याने तिथेही संडास घट्ट होतोच.

डिलिव्हरीनंतर पहिली संडास बहुतेक दोन-तीन दिवसांनी होते आणि त्या पहिल्या संडासची बायकांना कळांपेक्षा जास्त भीती वाटते. टाके उसवतील म्हणून दाबून ठेवतात. टाके संडासने उसवत नाहीत, पुढून स्वच्छ पॅडचा आधार हाताने धरला की धीर येतो. ज्यांना मोठी फाट गेलीय, मागच्या जागेच्या स्नायूपर्यंत टाके आहेत, त्यांना आम्ही मल मऊ करणारं औषध मुद्दाम देतो, ते मनाने बंद करू नका.

खरी अडचण माहेरी गेल्यावर सुरू होते, आणि मी आयांना दुखवायला हे लिहीत नाही, त्या जीव ओतून करतात. पण खोलीची खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, बाळंतिणीला पाणी कमी कारण पोट सुटेल, पालेभाजी नको कारण बाळाला हिरवी होईल, दिवसभर डिंकाचे लाडू, सुकं खोबरं, खारीक, तूप-भात. एवढं सगळं सुकं आणि त्यावर पाणी नाही, आणि बाळ मात्र दुधावाटे अंगातलं पाणी ओढतंय, तर संडास दगड होणार नाही तर काय होणार. लाडू खा, अळीवाची खीर खा, कोणी नको म्हणत नाही, पण दर वेळी बाळाला पाजायला घेतलं की आधी ग्लासभर पाणी. पाण्याने पोट सुटत नाही. शेपूची भाजी तर बाळंतिणीला द्यायची आपली जुनी रीतच आहे, ती रोज द्या, मुगाचं वरण द्या, भाकरी कुस्करून द्या. पोट बांधायचं तर हलकं बांधा, आवळून बांधलं की सगळा दाब खाली येतो. खालच्या जागेला धुरी आणि निखाऱ्याचा शेक देऊ नका, कातडी भाजून आलेल्या बायका मी बघितल्यात. आणि बसून पाजताना बूड ठणकत असेल तर कुशीवर झोपून पाजा, फक्त तुम्हाला झोप लागणार नाही एवढं बघा. भोक असलेल्या ट्यूबवर तासन्‌तास बसण्यापेक्षा साधी मऊ उशी बरी. दूध पाजताना इसबगोल, लॅक्टुलोज, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, लिग्नोकेनचं मलम हे सगळं चालतं, म्हणून "पाजतेय, औषध कसं घेऊ" म्हणून सोसत राहू नका.

तुमच्या बहिणीबद्दल. तुम्ही जे वर्णन लिहिलंय, संडासच्या वेळी ब्लेडने कापल्यासारखं, नंतर तासभर ठणका, कागदावर थोडंसं लाल, कोंब असा काही नाही, ते मूळव्याधीपेक्षा फिशरचं जास्त वाटतं. आतल्या मूळव्याधीत सहसा रक्त येतं पण दुखत नाही, फिशरमध्ये रक्त थोडं आणि दुखणं फार. लोक दोन्हीला मूळव्याधच म्हणतात आणि तेच मलम लावत बसतात, म्हणून बरं होत नाही. फिशरमध्ये आतला स्नायू आवळून बसतो, त्याने रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरत नाही, तर तो स्नायू सैल करणारी वेगळी मलमं असतात, डिल्टियाझेमसारखी, ती तपासूनच द्यायची असतात. बहुतेक चिरा मल मऊ ठेवून, कोमट पाण्यात बसून आणि या मलमाने भरतात. दोन महिने झालेत म्हणजे आता तिने थांबायचं नाही, सर्जनला दाखवायचं. ऑपरेशनचं बोलणं निघालंच तर तिने एक गोष्ट आवर्जून सांगावी, डिलिव्हरीत फाट किती गेली होती, चिमटा लागला होता का, गॅस किंवा संडास आवरायला त्रास होतो का. कारण बाळंतपणात तो स्नायू आधीच दुखावला असेल तर त्यावर परत कापाकापी करताना फार विचार करावा लागतो, नाहीतर पुढे संडास रोखून धरता येत नाही.

मूळव्याधीच्या ऑपरेशनची घाई तर कोणीच करू नये. गरोदरपणात जीवावर बेतल्याशिवाय करत नाहीत, आणि डिलिव्हरीनंतरही सहा-आठ आठवडे वाट बघायची कारण बहुतेकींचं त्या काळात निम्म्याहून कमी होतं. त्यानंतरही रक्त येत असेल, कोंब बाहेर येत असेल, तर सर्जन छोट्या नळीने आतून बघतात, लहान असेल तर ओपीडीतच रबर बँड लावतात, मोठा, हाताने सारूनही आत न जाणारा असेल तर ऑपरेशन. भिंतीवर, रिक्षामागे "एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध गायब" असं रंगवलेलं असतं, तिथे कृपा करून जाऊ नका, न शिकलेल्या माणसाने तिथे भलतं इंजेक्शन टोचलं की जागा सडते, आणि मग तुटकं-फुटकं जोडायला बाई आमच्याकडे येते. रक्त मलात मिसळून येत असेल, वजन उतरत असेल, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर वय कमी आहे म्हणून मूळव्याधीवर ढकलू नका, पुढची तपासणी मागून घ्या.

लाजेचं काय करायचं ते सांगते. दवाखान्यात सासूबाई बरोबर असतात म्हणून बोलता येत नाही असं असेल तर डॉक्टरांना म्हणा मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय, आम्ही बाकीच्यांना बाहेर बसवतो. तेही जमत नसेल तर फाईलला चिठ्ठी लावा, "संडासला रक्त जातं, कोंब आहे" एवढंच लिहा. बाई डॉक्टर हवी असं सांगायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि बहुतेक वेळा कुशीवर झोपवून नुसतं बघून समजतं. नवऱ्याला सांगा, पाण्याच्या दिवशी घागरी त्यांनी भराव्यात आणि टबाचं पाणी गरम करून द्यावं, एवढं काम त्यांच्या वाटणीचं आहे.

पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग आणि सर्जरी दोन्ही विभाग आहेत, एकीकडून दुसरीकडे तिथल्या तिथे पाठवतात. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात, दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्या बाळाचं वजन करायला आल्या की संडासचंही सांगा, त्यांच्याकडे लाल गोळ्याही असतात. तुम्ही ९ तारखेची वाट बघू नका, रक्त चालू आहे, उद्याच जा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि शेवटच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे असं लिहिलंय ते मला कळवा, मग पुढचं सांगते.